लाकूड मुरवलेली बिअर

एका जंगलात, मुलांनो, रखमाजी नावाचं अस्वल राहायचं आणि घरच्या घरी बिअर बनवायचं. बिअर म्हणजे काय ते मला विचारू नका. काकांना विचारा, तेही बाबांसमोर नको.

साधी जवाची बिअर. माठात आंबवलेली. सिंहमहाराजांच्या वाढदिवसाला दरवर्षी तीच असायची आणि सगळे पिऊन खूश व्हायचे.

एका वर्षी महाराज शेजारच्या जंगलात जाऊन आले आणि बिघडले.

"रखमाजी, तिकडच्या बिअरला ओकच्या लाकडाचा वास येतो. वर रमची चव! आपली नुसती बिअरसारखीच लागते. यंदा तशी जमली नाही तर गुहा खाली कर."

ओक हे झाडाचं नाव आहे. हसताय काय, बावळटांनो?

रखमाजीचा जीव टांगणीला लागला. गुहेत बायको, दोन पिल्लं. जाणार कुठे? तो कोल्ह्याकडे गेला. कोल्हा परदेशी जाऊन आलेला, म्हणजे एकदा नदी ओलांडलेला.

"सोपं आहे," कोल्हा म्हणाला. "हे ओकचे तुकडे घे, रममध्ये भिजव, मग माठात टाक. फक्त रोज चाखत जा. वेळेवर काढले नाहीस तर बिअर नाही, फर्निचर पिशील."

रखमाजीने सगळं तसंच केलं. मग चाखलं. अस्वलाचं चाखणं म्हणजे तांब्याभर. काही कळेना, म्हणून बायकोला दिलं.

"लाकूड लागतंय, पण रम दबलीये," रंगूबाई म्हणाली. "थांबा हं, परत बघते."

तेवढ्यात शेजारचं रानडुक्कर डोकावलं. "काय वहिनी, कसली गडबड?"

आता शेजाऱ्याला न देता चाखायची त्या जंगलात रीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी रानडुकराने मेव्हण्याला आणलं. मेव्हण्याला म्हणे यातलं कळतं.

वाढदिवसाच्या सकाळी सगळ्यांचं एकमत झालं की बिअर आता अगदी बरोबर जमली. रखमाजीने माठात तांब्या घातला. खाली नुसतं खडखड वाजलं.

"अहो, आता राहायचं कुठे?" रंगूबाईने हंबरडा फोडला.

रखमाजीने ती लाकडंच ताटात घालून महाराजांपुढे नेली. महाराजांनी एक तुकडा चावला. कडकन आवाज झाला.

"ओक," महाराज डोळे मिटून म्हणाले. "काय स्वच्छ लागतोय!"

"आणि मागून रम," कोल्हा म्हणाला.

"आणि बिअर?" रानडुकराने विचारलं.

महाराजांना त्याची कीव आली. "अरे अडाण्या, बिअर मध्ये मध्ये येऊन चव बिघडवते. रखमाजीने ती काढून टाकली. शाबास!"

गुहा वाचली. आता दरबारात सगळे लाकूड चघळतात. रखमाजी अजूनही माठभर बिअर बनवतो आणि शेजाऱ्यांना बोलावतो. महाराजांनी विचारलंच, तर सांगतो की लाकडं धुवायला लागते.

तात्पर्य: सोपवलेलं काम चार शेजारी जमवून पार संपवून टाकावं. तळाला जे उरतं, त्याचंच मोठ्या लोकांना कौतुक असतं. आणि तुम्ही काय टकामका बघताय? दूध प्या.