बापूभावजींची हिरवी गाडी

बापूभावजी गाडीत बसण्याआधी चपला काढत. देवळात जाताना एखाद्या वेळी विसरतील, गाडीत बसताना नाही. एकदा मामलेदार हौसेनं फेरी मारायला आले, तर त्यांनाही बूट हातात घेऊन बसावं लागलं. "सायेब, चिखल लागंल तिला."

मुलांनो, बापूभावजी म्हणजे तुमच्या आजोबांचे चुलतभाऊ. चौकला त्यांची भाताची गिरणी होती. गाडी विलायती, दोनच माणसांची, टप नसलेली, बेडकासारखी जमिनीला चिकटलेली. कुणा साहेबानं ती हायवेवरच्या गॅरेजात टाकून दिली होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. भावजींनी ती कोंबड्यांसकट घरी आणली. पुढे कितीतरी वर्षं गिरणी बंद झाली की हे तिच्याखाली उताणे. जो भाग मुंबईच्या जुन्या बाजारातही मिळेना, तो लेथवर करून घ्यायचा. सीटा शिवल्या टांग्याचं सामान शिवणाऱ्यानं. रंग मात्र मूळचाच, गडद हिरवा. लोक म्हणाले, लाल द्या, उठून दिसेल.

"तिच्या आईबापानी दिलेला रंग हाय. मी कोन बदलनारा?"

आणि खरंच सांगते, ती गाडी जुन्या पुणे रस्त्यानं सुटली की ढाब्यावरचे ट्रकवाले चहाचा पेला तसाच धरून बघत राहत. बंद म्हणून कधी पडली नाही. कुणी गमतीनं "ढकलायला येऊ का, बापू?" म्हटलं, तर भावजी त्याचं भात भरडून देत, पण त्याच्याशी बोलत नसत.

त्यांची एकुलती एक मुलगी नंदा. आई लहानपणीच गेलेली. नंदाला कळंबला दिली आणि भावजींनी जुनी रीत धरली. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचा उंबरा ओलांडायचा नाही, पाणी प्यायचं नाही. व्याही म्हणाले, आता कोण पाळतं?

"आमच्या बापानं पाळलं, आमी पाळनार."

नंदा सणाशिवाय येत नसे. भावजी गिरणीतच एकटे जेवू लागले.

एक दिवस मला म्हणाले, "चला वैनी, गाडी फिरवून आनू." कर्जत मागे पडलं, नेरळ गेलं, पोशीर गेलं. इंजिन शिवणयंत्रासारखं एका लयीत चाललेलं. कळंबला नंदाच्या सासरच्या दारासमोर मात्र भावजींनी गाडी थांबवली, भोंगा दाबला आणि उतरून बॉनेट उघडलं.

"काय झालं, व्याही?" नंदाचे सासरे ओटीवरून ओरडले. "बंद पडली का काय विलायत?"

शेजारीही जमले. कुणीतरी हसून म्हणालं, "ढकलू का?"

भावजींनी मान खाली घातली. "तापली हाय. लांबचा पल्ला नाय झेपत आता तिला. नंदे, पानी आन गं जरा."

नंदा पदर खोचून तांब्या घेऊन धावत आली. भावजींनी रेडिएटरचं झाकण काढलं. आत पाणी काठोकाठ होतं. तिनं ओतलं ते सगळं रस्त्यावर ओघळलं. गिरणीवर वाढलेली मुलगी ती. बापाकडे बघतच राहिली.

"बरी हायेस नं?" भावजींनी बॉनेटमध्ये डोकं घालूनच विचारलं.

"बरी हाय, आबा. तुमी जेवता का येळेवर?"

"जेवतो."

"पुरलं का पाणी?" ओटीवरून सासऱ्यांनी विचारलं.

नंदानं रिकामा तांब्या पोटाशी धरला. "नाय, मामाजी. अजून लागंल. गाडी लई तापली हाय."