आरती सिस्टरची सुट्टी

नाइट ड्यूटी संपवून आरती सिस्टरनं पर्स खांद्याला लावली, तोच सुपरिटेंडंट उत्तमराव साहेब दारात आडवे आले.

"कुठं निघालात? कर्मचाऱ्यांचं ताणमुक्ती शिबिर आहे. हजेरी सक्तीची."

"साहेब, रातभर जागी हाओ मी. अन् सुट्टीचं काय? आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन हाय अमरावतीले. दोनच दिवस मांगून राहिली."

"माणसं कुठं आहेत सुट्टी द्यायला? आत बसा, हसा जरा!"

तालुक्याच्या त्या दवाखान्यात चार नर्सांचं काम दोघी ओढत होत्या. त्यावर वरून तोड निघाली ती अशी, की नर्स वाढवायच्या नाहीत, आहेत त्यांना हसायला शिकवायचं. अकोल्याहून आलेले शिबिरवाले सर वार्डाबाहेरच्या व्हरांड्यात सगळ्यांना "हाहा, होहो" करायला लावत होते.

आरती मागच्या मागे सटकली आणि वार्डातल्या कोपऱ्यातल्या रिकाम्या खाटेवर कलंडली.

"मावशी, जराशी पडू दे वं."

"पड माय. माशा लई हायेत," म्हणत मनकर्णाबाई आयानं पांढरी चादर पायापासून थेट डोक्यापर्यंत ओढली आणि बादली उचलून निघून गेली. दवाखान्यात डोक्यावरून चादर कोणावर ओढतात, हे जन्मभर पाहिलेल्या बाईला नेमकं तेव्हाच सुचलं नाही.

लेकीसाठी चहा घेऊन आलेल्या पार्वताबाईनं खाटेखालच्या निळ्या चपला ओळखल्या. तिच्या हातून चहा सांडला.

"अवं माय! थे तं आपली सिस्टर! रातच्याले माया पोरीच्या उशाशी बसली होती वं! कामानं खाल्लं वं तिले!"

अख्ख्या वार्डानं गळा काढला. बाहेर हाहा, आत हायहाय.

उत्तमराव धावत आले, मागून शिबिरवाले सर. नाडी कोणीच पाहिली नाही. एक तर ते काम आरतीचं, आणि साहेबांनी कैक वर्षांत फाइलीशिवाय कशाला हात लावला नव्हता. त्यांनी सरांच्या गळ्यातला सत्काराचा हार काढून चादरीवर वाहिला आणि घसा खाकरला.

"आरती सिस्टर म्हणजे सेवेची मूर्ती. कधी सुट्टी मागितली नाही. अहो, तिनं नुसता शब्द टाकला असता, तर मी महिनाभराची दिली असती!"

"टाकला होता साहेब," चादर बोलली. "आज सकाळीच."

आरती हारासकट उठून बसली.

"सिस्टर, ते... दोन दिवसांचं बघतो मी."

"दोन कायचे? महिना म्हनलं ना तुमी. समद्या वार्डानं आयकलं."

"आयकलं!" पार्वताबाई डोळे पुसत गरजली.

तेवढ्यात धपकन आवाज आला. शिबिरवाले सर भोवळ येऊन पडले होते. आरतीनं खाली बसून नाडी पाहिली, पार्वताबाई आणि गलका ऐकून परतलेल्या मनकर्णाबाईच्या मदतीनं त्यांना आपल्याच खाटेवर निजवलं आणि पर्स उचलली.

"काही नाही, घाबरले. ताण लई घेतात. मावशी, यायले चादर दे, पन तोंड तेवढं उघडं ठेवजो."