कोण ओरडतं ते बघू

संगणकाच्या क्षेत्रात मी एकोणचाळीस वर्षं काढली आणि या काळात माझ्या हातून काहीही बिघडलेलं नाही. जे बिघडलं ते दुसऱ्यांच्या हातून. मी फक्त तिथे उभा होतो.

हा गर्व नव्हे, अनुभव आहे. नव्या मुलांना वाटतं तंत्रज्ञान रोज बदलतं. काही बदलत नाही! पूर्वी आमची माहिती आमच्या कपाटात असायची आणि सापडायची नाही. आता ती दुसऱ्याच्या कपाटात असते, त्या कपाटाला ढग म्हणतात, आणि तरीही ती सापडत नाही. पूर्वी मीटिंग बसून व्हायची, आता उभ्याने होते. त्यामुळे ती लवकर आटपते असं म्हणतात. माझ्या गुडघ्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.

उभ्या मीटिंगची ही प्रथा आमच्या नव्या साहेबांनी आणली. वय माझ्या मुलाएवढं, उत्साह माझ्या नातीएवढा. आल्या दिवशीच त्यांनी जाहीर केलं की मला साहेब म्हणू नका, इथे सगळे समान आहेत. तेव्हापासून आम्ही त्यांना कशानेच हाक मारत नाही. ते दिसेपर्यंत थांबतो.

एका सोमवारी ते सर्व्हरच्या खोलीत शिरले. कोपऱ्यात एक जुनाट डबा होता. अंगावर बोटभर धूळ, एक हिरवा दिवा, आणि वर चिकटवलेला कागद: 'हात लावू नये'. साहेबांनी विचारलं, हा काय करतो?

कागदावरचं अक्षर माझंच होतं. पण बारा वर्षांपूर्वी मी ते का लिहिलं, ते मला आठवेना. आता निवृत्तीला चार महिने उरलेला माणूस साहेबांच्या तोंडावर 'माहीत नाही' कसं म्हणणार? मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "शास्त्रीय पद्धतीने शोधून सांगतो."

ही शास्त्रीय पद्धत जगभरचे इंजिनिअर वापरतात, फक्त बाहेर सांगत नाहीत. यंत्र बंद करायचं आणि कोण ओरडतं ते बघायचं. आमच्या सोसायटीतली मुलं रविवारी माझ्याकडे शिकायला येतात, त्यांना मी हे असं समजावतो: वर्गात वाटेवर पडलेलं दप्तर कुणाचं, हे चाळीस जणांना विचारत बसू नये. उचलून चालू लागावं. मालक आपोआप प्रकट होतो.

मी डबा बंद केला. हिरवा दिवा विझला. मी दारात उभा राहून कान दिले. इमारतीला सहा मजले, माणसं साडेतीनशे. कुणी ओरडलं नाही. दुपार गेली, मंगळवार गेला, आठवडा गेला. एक हाक नाही की फोनची एक घंटी नाही! उलट इतकी शांतता मी नोकरीत कधी अनुभवली नव्हती. माझ्याकडे रोज यायच्या त्या संगणकाच्या तक्रारीसुद्धा थांबल्या. मला वाटलं, माझ्या कामाची पुण्याई अखेर फळाला आली.

इथे आमच्या तक्रार कक्षाची ओळख करून द्यायला हवी. कक्ष म्हणजे तळमजल्यावरचं एक टेबल, एक खुर्ची आणि ताई. तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला मीसुद्धा. कुणाचा एसी गळतो, कुणाची खुर्ची मोडते, कुणाचा संगणक रुसतो. तो माणूस आपल्या जागेवरून फॉर्म भरतो, फॉर्म ताईच्या पडद्यावर येतो, आणि ताई संबंधित माणसाच्या मागे लागते. अशी मागे लागते की पाणी गळायचं थांबतं, पण ताई थांबत नाही. तिचं घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत. वडिलांची दृष्टी गेलेली. एक वाजता ती घरी जाते, त्यांना जेवायला वाढते आणि दीडला परत खुर्चीत असते. बारा वर्षांत दीडचे एक एकतीस झालेले मी पाहिले नाहीत.

तर साहेबांनीही ती शांतता टिपली. त्यांच्या केबिनबाहेर तक्रारींचा आकडा दाखवणारा फलक आहे. तो शून्यावर गेला आणि शून्यावरच राहिला. साहेबांना वाटलं, ही उभ्या मीटिंगची किमया. मला वाटलं, ही माझी. आम्ही दोघंही एकमेकांकडे बघून कौतुकाने हसायचो.

दुसऱ्या शुक्रवारी समारंभ झाला. 'तक्रारमुक्त कार्यालय' असं लिहिलेली काचेची ढाल मला मिळाली. ज्येष्ठांनी पाया कसा घातला यावर साहेब दहा मिनिटं बोलले, आणि शेवटी त्यांनी हसतमुखाने सांगितलं की आता तक्रारीच नाहीत, तर तक्रार कक्ष हवा कशाला? तिथे गुबगुबीत उशा टाकून 'मोकळ्या मनाचा कोपरा' करू. ताईंना सोमवारपासून शहराबाहेरच्या गोदामात नवी संधी.

गोदाम म्हणजे जायला दीड तास, यायला दीड तास. दुपारी एक वाजता वडिलांच्या पानात कोण वाढणार, हे त्या संधीत लिहिलेलं नव्हतं.

ताईने माझ्या हातातल्या ढालीकडे पाहिलं आणि टाळ्या वाजवायचं तेवढं टाळलं. मला वाईट वाटलं. पण यंत्रामुळे माणसांची कामं जातातच, प्रगतीला इलाज नाही, अशी दोन-तीन वाक्यं माझ्याकडे तयार असतात. ती मी मनातल्या मनात म्हटली आणि ढाल घरी नेली.

रविवारी नात राहायला आली होती. आठ वर्षांची, आणि शिकायची हौस दांडगी. आमच्या घरातल्या विजेच्या पेटीत नऊ खटके आहेत आणि कशावरही नाव नाही. म्हटलं, चला, पोरीला शास्त्रीय पद्धत शिकवू. मी एकेक खटका पाडायचा, कोण ओरडतं ते तिने ऐकायचं आणि चिठ्ठी लिहून चिकटवायची. पहिल्या खटक्याला स्वयंपाकघरातून बायको ओरडली: मिक्सर. दुसऱ्याला बायको ओरडली: फ्रिज. तिसऱ्याला बायको जे म्हणाली ते चिठ्ठीवर मावण्यासारखं नव्हतं. मग ती शेजारणीचं पातेलं परत करायला खाली निघून गेली. वैतागून गेली असणार, कारण फोनही विसरली.

सातवा खटका पाडला. कुणीच ओरडलं नाही. नातीने सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'उपयोग नाही', आणि आम्ही तो तसाच बंद ठेवला. मग मागच्या खोलीत दार लावून दोघं चित्रं काढत बसलो.

पाऊण तासाने मी सहज पुढचं दार उघडलं, तर बायको जिन्याच्या पायरीवर बसलेली. मांडीवर शेजारणीने दिलेली भाजी. ती तिने तिथेच बसून निवडून संपवली होती.

"अगं, बेल नाही का वाजवायची?" मी विचारलं.

"तेवढंच करतेय मघापासून," ती म्हणाली.

नातीने पेटीकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं आणि शांतपणे 'उपयोग नाही' खोडून 'बेल' लिहिलं. मग मला म्हणाली, "आजोबा, आजी ओरडत होती. पण जिच्यातून ओरडायचं तीच आपण बंद केली होती ना."

मी तिथेच पायरीवर बसलो. बायकोला वाटलं मला पश्चात्ताप झाला. झाला होताच, पण भलत्याच गोष्टीचा. बारा वर्षांपूर्वीची ती दुपार मला लख्ख आठवली. सहा मजल्यांवरून भरलेला प्रत्येक फॉर्म तो डबा ताईच्या पडद्यावर पोहोचवत होता, आणि म्हणूनच मी त्याला हात लावू नये असं लिहिलं होतं!

तरीही एक प्रश्न उरतो: दोन आठवडे साडेतीनशे माणसं गप्प कशी? त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्याकडे तक्रारीला दोन आठवडे उत्तर आलं नाही तर कुणाला शंका येत नाही. दोन तासांत आलं तर येते.

सोमवारी उभ्या मीटिंगला मी ढाल घेऊन गेलो. ताई सामानाची पिशवी भरून तळमजल्यावर गोदामाच्या गाडीची वाट बघत होती. खोटं बोलायच्या तीन उत्तम तऱ्हा मी रात्रीच तयार केल्या होत्या: व्होल्टेज, उंदीर आणि अपडेट. एकोणचाळीस वर्षांत या तिघांनी मला कधी दगा दिलेला नाही. पण उंदराचं नाव घेतलं तर साहेब डबा फेकून नवा मागवणार, तो यायला महिना लागणार, आणि महिनाभर एक म्हातारा माणूस दुपारी कुणाची तरी चाहूल घेत बसणार. मी ढाल साहेबांच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तक्रारी संपलेल्या नाहीत. मी त्यांचं तोंड बांधलं होतं."

साहेब म्हणाले, "काका, असं नकारात्मक नको बोलायला."

मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन डबा चालू केला. परत येईपर्यंत फलकावरचा आकडा पळायला लागला होता. चाळीस, नव्वद, दोनशे दहा... तीनशे सत्त्याऐंशीवर दमून थांबला. चौथ्या मजल्यावरच्या एकाचा पडदा उलटा दिसत होता आणि तो दहा दिवस मान वाकडी करून काम करत होता. दुसऱ्या मजल्यावरचा एकजण फोनवरून फॉर्म भरून कळवत होता की प्रसाधनगृहाचं दार आतून उघडत नाही. वीस मिनिटांनी त्याचा दुसरा फॉर्म होता: दार उघडलं, आभारी आहे, मात्र कडी माझ्या हातात आहे, ती कुठे जमा करू? साहेबांच्या नावावर एकोणसाठ तक्रारी होत्या. त्यांतल्या बावन्न गुडघ्यांच्या. त्या मी केलेल्या नाहीत, हे इथे नमूद करतो.

साहेब पांढरेफटक पडले. तीनशे सत्त्याऐंशी तक्रारींना आता उत्तर कोण देणार, असं त्यांनी विचारलं आणि मग स्वतःच जिना उतरून धावले. गोदामाची गाडी रिकामी परत गेली. ताईने पिशवी टेबलाखाली ठेवली, खुर्ची ओढली आणि पहिली तक्रार उघडली.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे मी आधी रागावूनच पाहिलं. म्हणालो, "ताई, तुमच्या लक्षात आलं असणार. मला सांगायचं होतं ना."

ताईने पडदा माझ्याकडे वळवला. तक्रार क्रमांक एक. दोन आठवड्यांपूर्वीचा सोमवार, दहा वाजून चाळीस मिनिटं. पाठवणार: ताई. कुणासाठी: मी. मजकूर असा: 'सकाळपासून तक्रारी माझ्यापर्यंत पोहोचत नाहीत. ही तक्रारही तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. कृपया दखल घ्यावी.'

"ही पोहोचणारच नव्हती," मी म्हणालो. "पण तोंडी सांगता आलं असतं."

"सांगितलं की, काका. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, मी वर आले होते."

"मग मी काय म्हणालो?"

"म्हणालात, तोंडी चालत नाही, फॉर्म भरा."