निळ्या डोळ्यांचा स्ट्रायकर

एका जंगलात, मुलांनो, फुटबॉलचं फार वेड होतं. जंगल कुठलं ते आता मला नक्की आठवत नाही. बरीच वर्षं मी सागाचं म्हणून सांगत आलो, पण सांगताना डोळ्यांसमोर पळस येतो. म्हणजे बहुधा मी दोन जंगलांची सरमिसळ केली असावी. तुमच्यापैकी कुणी ही गोष्ट दुसऱ्याकडून वेगळी ऐकली असेल, तर त्याचंच खरं धरा. गोलाचे खांब म्हणून मात्र दोन पळस होते, एवढं पक्कं. निदान एक तरी.

या जंगलाची नदीपलीकडच्या जंगलाशी दर वर्षी होळीच्या सुमारास मॅच होई. जिंकेल त्याला उन्हाळाभर नदीतला खोल डोह. हरेल त्याने चिखल चाटावा. आपलं जंगल वर्षानुवर्षं चिखल चाटत होतं.

का हरत होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यावर कुणी बोलत नसे.

कारण असं. फार पूर्वी या जंगलाचा पहिला गोल एका गव्याने केला होता. खरं म्हणजे तो पळसाखाली झोपला होता आणि कुशीवर वळताना चेंडू त्याच्या पाठीला लागून आत गेला. पण गोल तो गोल. तेव्हापासून चेंडू गोलात ढकलण्याचा मान त्या घराण्याचा. बाकीच्यांनी चेंडू पळसापर्यंत न्यायचा, तिथे थांबायचं आणि मानकऱ्यांना हाक मारायची. मानकरी सावलीतून उठून येणार, चेंडूला पाय लावणार, मग तो गोल.

सध्याचे मानकरी होते गवोबा. वय झालेलं, गुडघे गेलेले. ते सावलीतून निघून पळसापर्यंत पोचायच्या आत पलीकडचे खेळाडू चेंडू घेऊन जात, गोल करत आणि पाणी पिऊन परत येत.

मग गवोबांना आधीच गोलापाशी उभं का करत नव्हते, असं तुम्ही विचाराल. विचारा. शहाणी मुलं विचारतात. एकदा उभं केलं होतं. पंच टिटवीने ऑफसाइड दिला.

एका पराभवानंतर समितीची बैठक भरली. अध्यक्ष अस्वलराव होते. शेजारी संघाचे प्रशिक्षक साळिंदर गुरुजी.

"आपल्याकडे कमी काय आहे, ते स्पष्ट बोला," अस्वलराव म्हणाले.

गुरुजींनी सावलीत पेंगणाऱ्या गवोबांकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. मग गुरुजी खाकरले.

"आपल्याकडे परदेशी स्ट्रायकर नाही," ते म्हणाले.

सगळ्यांना एकदम हलकं वाटलं.

त्या काळी चक्रवाक नावाचा पक्षी खेळाडूंची एजन्सी चालवत असे. थंडीत इकडे, उन्हाळ्यात तिकडे, आणि वाटेतल्या सगळ्यांच्या बातम्या त्याच्याकडे. त्याने एक नाव सुचवलं. नॉर्वे नावाच्या बर्फाच्या मुलखातला एक रेनडिअर. नाव ओड्वार. (चक्रवाक खरंच तितक्या लांब जातो का, याबद्दल मला शंका आहे. वाटेत तो दुसऱ्या कुणाला निरोप देत असेल.)

हा ओड्वार लहानपणापासून बर्चच्या दोन झाडांमधून गोल मारी. वादळ असो, दिवसा अंधार असो, चेंडू बर्फात दिसत नसो, गोल होई. त्याचं नाव झालं. मग एका श्रीमंत अरण्याने त्याला नेलं. तो दुसऱ्या कुणाला मिळू नये एवढ्यासाठीच नेला होता. त्यांनी त्याला अख्खा हिवाळा एका ओंडक्यावर बसवून ठेवलं. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी तो दुसऱ्या अरण्याला उसना दिला. तिथे त्यांच्याकडे स्वतःचा ओंडका होता.

ओड्वारची आई उत्तरेला एका तळ्याकाठी राही. वसंतात पक्षी परतले की ती तळ्यावर जाई आणि विचारी, "आमच्या पोराचा गोल झाला का कुठे?"

दोन वसंत पक्ष्यांनी दुसरीकडे पाहिलं होतं.

तिसऱ्या खेपेला ओड्वार निघाला तेव्हा ती म्हणाली, "जमलं तर एक कर. मोठा नको. मला काय, तळ्यावर कुणी विचारलं तर सांगायला बरं." आणि त्याच्या अंगावरचा बर्फ झटकून ती चरायला निघून गेली. त्या लोकांत निरोप असाच देतात म्हणे.

ओड्वार जंगलात पोचला तो तिन्हीसांजेला. सत्कार लगेच झाला. भर गर्दीत त्याच्या जाड लोकरीवर शाल घातली, शिंगांत नारळ अडकवला. अस्वलराव भाषणाला उठले तेव्हा चंद्र वर आला होता आणि ओड्वारचे डोळे निळे चमकत होते.

"पाहा हे निळे डोळे," अस्वलराव म्हणाले. "थंड, शांत, निळे. निळ्या डोळ्यांचा हा वाघ आपल्याला डोह मिळवून देईल."

"मी रेनडिअर आहे," ओड्वार हळूच म्हणाला.

"असू दे," गुरुजी त्याच्या कानात म्हणाले. "भाषण आहे ते."

दुसऱ्या दिवशी सराव. ओड्वारने चेंडू घेतला, चौघांना चुकवलं आणि दोन पळसांमधून सरळ आत मारला. टाळी वाजली नाही. झाडावरच्या माकडांनीसुद्धा शेंगा खायच्या थांबवल्या.

गुरुजी धावत आले. काटे उभे राहिले होते. "हे काय केलंत ओड्वारराव?"

"गोल."

"गोल करणं स्ट्रायकरचं काम नाही."

"मग स्ट्रायकरचं काम काय?"

गुरुजींनी थोडा विचार केला. "आशा निर्माण करणं," ते म्हणाले, आणि मानाची सगळी हकिकत त्याला सांगितली.

ओड्वारची राहायची सोय सांबरकाकूंकडे होती. काकू त्याला ओलं शेवाळ आणून देत, आणि उकाड्याने त्याचे केस पुंजक्यांनी गळू लागले तेव्हा रोज झाडून काढत. आईची गोष्ट त्यांना कळली होती.

"सारखा कुढत बसू नकोस," त्या म्हणाल्या. "गवोबांकडे जा. मोठा माणूस आहे, पण वाईट नाही."

गवा म्हणजे माणूस नव्हे, हे मला माहीत आहे. पण काकू असंच म्हणाल्या.

ओड्वार गेला. गवोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला काय हौस आहे होय रे?" ते म्हणाले. "गुडघे हे असे. लोक हाक मारतात तेव्हा ऐकूच आलं नाही असं करावंसं वाटतं. पण मान सोडला तर घरात तोंड दाखवायला जागा नाही. आमची ही तर माहेरीच जाईल."

"मग मी काय करू?"

"तू चेंडू राख. मी येतो. लवकर येतो असं म्हणत नाही. येतो."

मॅचचा दिवस उजाडला. ऊन असं की पळसाची फुलंसुद्धा तापली होती. आदल्याच दिवशी चक्रवाकाने सांगून ठेवलं होतं की मॅच संपली की तिसऱ्या दिवशी पक्षी उत्तरेला निघणार. ओड्वारला एवढी एकच मॅच होती.

खेळ सुरू झाला आणि बराच वेळ काहीच झालं नाही. आपल्या जंगलाला त्याची सवय होती. मग ओड्वारला चेंडू मिळाला. त्याने पलीकडचे तरस चुकवले, कोल्हे चुकवले, आणि चेंडू पळसापर्यंत आणला. समोर पलीकडच्या जंगलाचा गोलरक्षक होता, एक रानडुक्कर. त्याला इथली रीत माहीत होती. तो खुशाल आडवा झाला होता.

ओड्वार थांबला.

"गवोबा!" सगळ्या जंगलाने हाक मारली.

गवोबा सावलीतून उठले. आधी पुढचे पाय, मग थोडा विचार, मग मागचे.

इतर वेळी चेंडू इथेच जाई. पण ओड्वारने तो सोडला नाही. तरस आला, त्याने चेंडू तरसाच्या पायांमधून काढला. कोल्हे आले, तो त्यांच्याभोवती फिरला. गोलाच्या तोंडाशी तो गोल गोल धावत राहिला, आणि चेंडू त्याच्या खुराला वासरासारखा चिकटून राहिला. असा खेळ त्या जंगलाने पाहिला नव्हता.

"अहो पाहुणे," माकडं वरून ओरडली, "चेंडू मारायचाय की त्याला हळद लावायचीय?"

"गवोबा, निघालात का?" दुसरं माकड ओरडलं. "की पुढच्या होळीला येऊ आम्ही?"

गवोबा निघाले होते. अर्ध्या वाटेवर आले होते. तिथे त्यांचे गुडघे बसले, आणि गुडघ्यांबरोबर गवोबा बसले. ओड्वार धापा टाकत होता. त्याची जीभ बाहेर आली होती. तरस पुन्हा वळला होता.

गवोबांनी ओड्वारकडे पाहिलं. "पोरा," ते हळूच म्हणाले, "मार तू."

ओड्वारने मारला.

रानडुक्कर उठला तेव्हा चेंडू त्याच्या मागे होता. टिटवीने सवयीने शिट्टी फुंकली, आणि मग स्वतःच घाबरली. पुढे कुणाचाच गोल झाला नाही. मॅच संपली. डोह आपला झाला.

जंगल नाचलं. अगदी थोडा वेळ. मग एकेकाच्या लक्षात आलं, आणि समितीची बैठक भरली.

अडचण दुहेरी होती. गोल झालाच नाही म्हणावं तर डोह जातो. ओड्वारने केला म्हणावं तर मान जातो.

"गोल गवोबांचाच," अस्वलराव म्हणाले. "ते निघाले होते. निघणं महत्त्वाचं."

"पण पाय दुसऱ्याचा होता," टिटवी म्हणाली. "उद्या पलीकडचे विचारतील, कुणाचा म्हणून सांगू?"

"अरे, मीच त्याला मार म्हणालो," गवोबा म्हणाले.

"गवोबा फार थकलेत," अस्वलराव म्हणाले. "त्यांना शाल द्या."

शाल दिली. गवोबांनी पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा दुसरी दिली. त्या उबेत त्यांना झोप लागली.

"ओड्वारला बोलवा," अस्वलराव म्हणाले.

ओड्वार आला. सूर्य मावळला होता. चंद्र वर येत होता. अस्वलरावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि ते बसल्या जागी ताठ झाले.

"हा कोण?"

"ओड्वार," गुरुजी म्हणाले.

"नीट बघा, गुरुजी. याचे डोळे सोनेरी आहेत."

गुरुजींनी पाहिलं. खरंच, चांदण्यात ते सोन्यासारखे चमकत होते.

"आपल्या ओड्वारचे डोळे निळे होते," अस्वलराव म्हणाले. "मी स्वतः भाषणात बोललोय."

"उजेड वाढला की असे होतात," ओड्वार म्हणाला. "आमच्याकडे सगळ्यांचेच होतात."

"माझे झाले? गुरुजी, तुमचे झाले?"

गुरुजींनी डोळे चोळले. त्यांचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत, हे त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं.

निकाल सूर्योदयापूर्वीच तयार झाला. निळ्या डोळ्यांचा थोर स्ट्रायकर प्रकृती बरी नसल्यामुळे खेळू शकला नाही. गवोबांचा चेंडू गोलाकडे निघाला असताना एका अनोळखी जनावराचा पाय वाटेत आला. त्याबद्दल जनावराला क्षमा करण्यात येत आहे.

सांबरकाकू तशाच तडक नदीवर गेल्या. चक्रवाक पंख साफ करत होता.

"त्याच्या आईला सांग, गोल झाला. याच्याच पायाने झाला. मी बघितला."

"काकू, माझाही विश्वास आहे हो. पण आम्ही समितीने दिलेली बातमीच नेतो. नाहीतर पुढच्या थंडीत इथे उतरू देतील का?"

"मग तुला चोच कशाला दिलीय देवाने?"

"दाणे टिपायला," चक्रवाक प्रामाणिकपणे म्हणाला.

आपण तो नव्हेच असं ठरल्यावर ओड्वारला तिथे राहण्याचं कारण उरलं नाही. तो चालत उत्तरेला निघाला. पक्षी अर्थातच त्याच्या आधी पोचले.

आई तळ्याकाठी चरत होती. तिने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं.

"डोळे बदलले तुझे," ती म्हणाली. "उजेडात होतास तर. मला वाटलं, यंदाही ओंडक्यावर बसवला." मग थोडं चरून तिने विचारलं, "गोल केलास?"

"केला."

"पक्षी म्हणतात, कुण्या गव्याने केला."

"त्यानेही केला."

आईने बराच वेळ घास चावला. "एका गोलाला दोघं लागली," ती म्हणाली. "दक्षिणेत खेळ अवघड आहे वाटतं." आणि ती तळ्यापलीकडच्या शेजारणीकडे निघाली. एरवी ती तिच्याकडे फारशी जात नसे.

इकडे जंगलाने डोहाकाठी निळ्या डोळ्यांच्या ओड्वारचा दगडी पुतळा उभारला. डोळ्यांच्या जागी मोरपिसांचे तुकडे लावले. दर होळीला त्या पुतळ्याला शाल घालतात, आणि मग मॅच हरतात. आता डोह नाही, पण पुतळा त्याच डोहाकाठी असल्यामुळे सत्काराला पलीकडच्यांची परवानगी काढावी लागते. ते देतात. त्यांचा रानडुक्कर शालीचं एक टोक धरायलाही येतो.

गवोबांचा मान अबाधित आहे. ते अजून निघालेले आहेत.

तात्पर्य: मुलांनो, मेहनत केली की गोल होतो, हे खरं आहे, आणि त्यातच धोका आहे. म्हणून होता होईल तो सावलीत बसावं. हाक आली की निघावं, पण पोचू नये. ज्यांना पोचल्याशिवाय राहवत नाही त्यांनी निदान आपल्या डोळ्यांचा रंग सांभाळावा.

हे डोळ्यांचं मी कैक वर्षं गोष्टीतून गाळत असे. मला वाटे, सांगणाऱ्याने पदरचं घातलं असेल, किंवा मीच घातलं असेल, आणि एखाद्या हुशार मुलाने विचारलं तर माझी पंचाईत होईल. पुढे बऱ्याच वर्षांनी मी प्राणिशास्त्राच्या एका जाणकाराला भीत भीत पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं. रेनडिअरच्या डोळ्यात आतल्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. उत्तरेच्या अंधाऱ्या हिवाळ्यात तो निळा होतो, आणि उजेड वाढला की सोनेरी.