तळघरातली जुगलबंदी आणि मी पंच

बोलता बोलता प्रवचन गाण्याच्या चालीवर चढलं, की ते आतून येतंय की नुसतं घशातून, हे मला लगेच कळतं. डेट्रॉइटच्या पूर्व भागात आमचं माउंट गिलियड चर्च आहे. तिथे पांढरे हातमोजे घालून लोकांना जागेवर बसवण्याची सेवा मी करते, आणि आजवर इतकी प्रवचनं ऐकलीत की पास्टरांनी श्वास कुठे घ्यावा हेही सांगू शकेन. म्हणून त्या शनिवारी रॅपची स्पर्धा भरवणारा डिमेट्रियस, मी मासे तळत होते त्या कढईपाशी येऊन म्हणाला, "सिस्टर पेटवे, आमचा एक पंच आलाच नाही. तुम्ही बसाल?" तेव्हा मी झारा खाली ठेवला आणि म्हणाले, "त्यात काय एवढं."

या 'त्यात काय एवढं'ने माझा आजवर फार घात केलाय.

त्याचं असं झालं होतं, की या रॅपवाल्या पोरांच्या हॉलचं छत गळायला लागलं, आणि शिव्या द्यायच्या नाहीत या अटीवर पास्टर ब्रॉडनॅक्सनी त्यांना चर्चचं तळघर दिलं. शिव्या नाहीत म्हटल्यावर अर्धं चर्च ऐकायला आलं. वाद्य नाही, साथ नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि यमकात एकमेकांची सालं काढायची.

"पंचाने मान हलवायची नाही, तोंड उघडायचं नाही," डिमेट्रियसने बजावलं. "शेवटी फक्त बोट दाखवायचं. आपली फेरी संपली की गडी छातीवर हात मारून 'टाइम' म्हणतो. लांबण लावली तर लोकच 'टाइम' म्हणून त्याला गप्प करतात."

"ही सोय आमच्याकडे वर, प्रवचनाला का नाही?" मी विचारलं.

एका बाजूला जोनेल, केस विणण्याचं दुकान चालवणारी, जिभेला धार असलेली पोरगी. दुसऱ्या बाजूला कॉर्डेल, माझ्या मैत्रिणीचा, लर्लीनचा मुलगा. पूर्वी आमच्याकडे ड्रम वाजवायचा. पास्टर सुरू छान होतात पण संपतच नाहीत, असं म्हणून तो चर्च सोडून गेला होता. त्यावर मायलेकांची पैज लागली होती. तो हरला तर नाताळपर्यंत दर रविवारी पहिल्या बाकावर बसणार, जिंकला तर लर्लीन चर्चचं नाव पुन्हा काढणार नाही.

लर्लीन माझ्या कानाशी आली. "अर्नेस्टीन, मी तुला काही सांगत नाही. पण देव बघतोय."

"तो तुझ्याकडेही बघतोय," मी म्हणाले. "जा, बस."

जोनेलने सुरुवातच अशी केली:

"देवाघरचा ढोल सोडून निघालास रे शूर,
आईच्या घरी जेवतोस, अन् म्हणतोस गेलो दूर!"

टोला असा बसला, की लोक तोंडावर हात दाबून भिंतीकडे पळाले. मी पुतळ्यासारखी बसले. कॉर्डेलने परतफेड केली:

"तुझ्या खुर्चीत बसली मावशी, केस होते दाट;
उठली तेव्हा टोपी शोधत धरली घरची वाट!"

ती मावशी तिसऱ्याच रांगेत होती. टोपीसकट.

दोन फेऱ्या अगदी तोलामोलाच्या झाल्या. तिसऱ्या फेरीत जोनेल आपलं संपवून बसली, कॉर्डेल पुढे आला, "आईच्या घरी..." म्हणाला, आणि थांबला. शब्द विसरला. या खेळात शब्द विसरणं म्हणजे मरणच. कॉर्डेल छताकडे बघत होता. लर्लीनने डोळे मिटून हात जोडले होते, आणि कशासाठी ते मला पक्कं ठाऊक होतं. मी नुसती गप्प बसले असते, तर पोरगा रविवारी पहिल्या बाकावर होता.

पण आमच्या चर्चमध्ये बोलायला उभा राहिलेला माणूस अडखळला, की त्याला एकटं सोडत नाहीत. हे माझ्या हाडात मुरलंय. माझं तोंड आपोआप उघडलं.

"सावकाश, लेकरा. सावकाश."

मागून चर्चची मंडळी सुरू झाली. "घे वेळ, बाळा." "देवा, हात दे त्याला." कुणाचा तरी पाय ठेका धरू लागला. कॉर्डेलने खोल श्वास घेतला, आणि जे आलं ते चालीतच आलं, थेट पास्टरांसारखं, शेवटचा शब्द लांबवत:

"आईच्या घरी जेवतो मी, लाज कसली त्यात?
दूर गेलो तरी डोक्यावर तिचाच आहे हात... टाइम!"

तळघर उभं राहिलं. लर्लीन रडत होती आणि रडता रडता माझ्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होती.

"पंच बोलली," जोनेल शांतपणे म्हणाली.

"मी कुठे? सवय बोलली."

डिमेट्रियसने माझं मत बाद केलं. उरलेल्या दोन पंचांची बोटं दोन दिशांना. बरोबरी.

बरोबरी झाली तर काय, हे पैजेत ठरलंच नव्हतं. मायलेकांनी मासे खाता खाता बराच वाद घातला आणि शेवटी निम्म्यावर तोडलं: पहिला बाक, पण अर्धीच उपासना.

रविवारी कॉर्डेल आला. इस्त्रीचा शर्ट, आई शेजारी. पास्टर रंगात आले, आवाज चढला, ऑर्गन मागोमाग निघाला. मला भरून आलं. पास्टरांनी "आता शेवटचं सांगतो" असं दुसऱ्यांदा सांगितलं आणि घाम पुसायला थांबले. कॉर्डेलने घड्याळ पाहिलं. त्याचा अर्धा वाटा संपला होता. तो अदबीने उठला, आणि सवयीने छातीवर हात मारून खणखणीत म्हणाला, "टाइम."

ऑर्गनवाल्याने समाप्तीचा सूर धरला. मागे दोघांनी कोटसुद्धा चढवले.

पास्टरांनी रुमाल खाली घेतला आणि सावकाश माझ्याकडे वळले. "सिस्टर पेटवे, खाली तळघरात म्हणे तुम्ही निवाडा करता. तुम्हीच सांगा, माझं लांबलं का?"

अख्खं चर्च माझ्याकडे वळलं. मी हातमोजे नीट केले.

"पास्टर," मी म्हणाले, "पंचाने बोलायचं नसतं."