माहिती उपलब्ध नाही

आमचे शेजारी शाबीबाब नकाशांना शिव्या घालतात. माणसांनाही घालतात, पण ते सरावासाठी.

वीजखात्यातले निवृत्त लायनमन. साखळी गावात शिंकले तर डिचोलीची बस वेळेआधी सुटते, असा आवाज. एकदा वाचनालयात त्यांना देशाचा रंगीत नकाशा दिसला. ऊन-वाऱ्यावर कुठल्या भागात किती वीज तयार होते, त्याचा. कुठे लाल, कुठे केशरी, आणि गोव्याच्या जागी राखाडी ठिपका. खाली बारीक अक्षरांत, 'माहिती उपलब्ध नाही'.

"उपलब्ध ना? माका विचारलां कोणें?" ग्रंथपालबाई खुर्चीसकट दोन फूट मागे सरकल्या. "सूर्य काय गोंयाक वळसो घालून वता?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःचा नकाशा काढायला घेतला. डिचोली आणि पेडणे तालुक्यांपुरता. उरलेला गोवा पुढच्या जन्मी. स्कूटर माझी, चालक मी, मागे शाबीबाब आणि त्यांच्या काखेतली नकाशाची गुंडाळी, जी दर वळणाला माझ्या कानात शिरायची. घर दिसलं की गेटातूनच गर्जना, "छपरार सोलार आसा?" उत्तर 'आसा' आलं की कागदावर पिवळा सूर्य. नाही म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. कुत्रीसुद्धा भुंकायची थांबून आदराने ऐकत.

महिन्याभरात नकाशा चादरीएवढा झाला. वाचनालयाने भिंत मोकळी केली. टांगण्यापूर्वी एकदा तपासू म्हणून निघालो, आणि पेडण्यातल्या एका टेकाडावर घात झाला. नकाशात तिथे ठसठशीत सूर्य. समोर लक्ष्मीआक्काचं एकटं घर. पॅनलचा पत्ता नाही.

"आक्का, सोलार खंय?"

"ही पळय मरे!" म्हातारीने पडवीच्या पत्र्यावरची सुपं दाखवली. सुपांत आमसुलं वाळत होती. आमच्याकडे त्यांना सोलां म्हणतात. "तू विचारलंस सोलां आसात? हांवें सांगलें आसात. किलोभर बांदून दिवूं?"

मी हसून हसून स्कूटरवरून पडायचा बाकी होतो. शाबीबाब हसले नाहीत. लायनमनची नजर भिंतीवरून फिरत होती.

"वायर खंय?"

वायर नव्हतीच. घर भावकीच्या वादात. चुलत दीर ना-हरकत कागदावर सही करेनात, म्हणून वीजजोड नाही. म्हातारी मेणबत्त्यांवर दिवस काढत होती. शाबीबाबांनी त्या दिरांचा असा समाचार घेतला की टेकाडावरचे काजू हिरवेच गळले.

मी म्हटलं, "असू दे बाब. तेवढा एक सूर्य खोडा."

"खोडूं? म्हजो नकाशो खोटें सांगता?"

दोन दिवसांनी त्यांच्या दारात टेम्पो उभा. बघतो तर शाबीबाब स्वतःच्या छपरावरून पॅनल उतरवताहेत, शिव्या देत. मग बॅटरी. तिन्हीसांजेला आक्काच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.

"अगे बाये, कितली ही काजळी!" म्हणत आक्का झाडू घेऊन भिंतीवर तुटून पडली.

"उजेड दिला तो झाडू मारूंक?" शाबीबाब खेकसले आणि भर्रकन बाहेर येऊन टेम्पोत बसले.

परतताना मी विचारलं, "बाब, लाईट गेली की आता तुमच्या घरचं काय?" आता शिव्या खायची आपली पाळी म्हणून मान खाली घातली.



"बायल आसतना दोघांखातीर बसयलेलें," त्यांनी हळूच सांगितलं. इतकं हळू बोलता येतं त्यांना, हे मला माहीत नव्हतं. "एकट्याचें जेवण काळोखांतूय जाता रे."