रुपाच्या मुलाखतीची तार

हे आमच्या गावच्या ज्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवशी घडलं ती २०२१ सालची मंडई होती की २०२२ची, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. बायको म्हणते बावीस. मी एकवीस म्हणतो; पण ती बावीस म्हणाली की थोड्या वेळाने मलाही बावीसच वाटायला लागतं. माझ्या आठवणीवर माझा पूर्वीपासून भरवसा नाही. (मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. केली आहे. विषय होता जिल्ह्यातल्या तलावांमधलं शेवाळ. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मी अजून शोधतो आहे.)

निवृत्त होऊन आसगावला परत आलो तेव्हा हाताशी भरपूर वेळ होता आणि त्या वेळात मी वाचू नये ते वाचत असे. कुठल्याशा मासिकात वाचलं की लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कोणीही आपल्या घरात डोकावू शकतं. आमच्या घरात डोकावून कोणाला काय सापडणार, असा प्रश्न रुखमिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, तेव्हाच विचारला होता. मी तो मनावर घेतला नाही. सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन घेतलं आणि कॅमेऱ्यावर रबराचं ठिगळ चिकटवून टाकलं. एवढासा निर्णय. ठिगळ उत्तम बसलं. आजतागायत निघालेलं नाही.

मग कळलं की साधे मोबाइल आपलं बोलणं ऐकतात. म्हणून मी लिनक्सवर चालणारा फोन मागवला. तो माझं बोलणं ऐकत नाही, हे खरं. पण पलीकडच्या माणसालाही ते ऐकू जात नाही. त्याच्या पाठीत वायफाय बंद करायचं मुगाच्या दाण्याएवढं बटण आहे. ते मी सेफ्टी पिनने बंद केलं आणि त्यातच ते तुटलं. शेवटची खबरदारी म्हणून घरातल्या इंटरनेटच्या डबीचं वायफायही बंद केलं आणि तिला इतका कठीण पासवर्ड दिला की तो पुढे मलाही कधी कळला नाही. उरली फक्त डबीतून निघून लॅपटॉपमध्ये जाणारी एक तार. तिच्याबाबत मी निश्चिंत होतो. (निश्चिंत हा शब्द माझ्या बाबतीत जरा सैलपणे घ्यावा.)

आता रुपा. माझा धाकटा भाऊ टिकाराम आमच्याच अंगणापलीकडे राहतो, घरची धानाची शेती तोच पाहतो. रुपा त्याची मुलगी. कृषी विषयात एम.एस्सी. झाली आणि परराज्यातल्या एका भात संशोधन संस्थेत तिने पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला. आदल्या वर्षी ती थोडक्यात हुकली होती. वयाच्या अटीमुळे यंदाची संधी शेवटची. मुलाखत व्हिडिओवर होणार होती, सकाळी साडेअकरा वाजता, आणि नेमकी आमच्या गावच्या मंडईच्या दिवशी.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांनी घरं भरतात, दुकानं लागतात, रात्री नाटक होतं आणि दिवसा लग्नं जुळतात. त्या दिवशी दहाच्या आत एवढी गर्दी झाली की गावातल्या एकाही मोबाइलला नेटवर्क राहिलं नाही. टिकारामने सकाळीच अंगणातून सांगून टाकलं होतं, "बपेऱ्याचे पावणे सांजेले येऊन राहिले, दादा. पोरीचं आज झालं तं झालं. नाही तं पोरगा चांगला हाय. दोन ट्रॅक्टर हायेत."

रुपाने माझ्याकडे पाहिलं.

"मोठे बाबा, तुमच्या घरी तारेचं नेट आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

घरातला सर्वांत शिकलेला माणूस म्हणून माझ्याकडे गेली चाळीस वर्षं लोक असंच पाहत आले आहेत, आणि मी दर वेळी 'आहे' म्हणत आलो आहे.

सव्वादहाला ती लॅपटॉपसमोर बसली. जरा वेळाने म्हणाली, "मोठे बाबा, इथं हे काय आहे?"

"ठिगळ."

"कॅमेऱ्यावर?"

"खबरदारी म्हणून."

तिने नखाने खरवडून पाहिलं. रुखमिणीने खोबरेल तेल आणलं. तेलाने ठिगळ चमकायला लागलं. मग रुखमिणी आत जाऊन विळा घेऊन आली.

"विळा ठेव आधी," मी म्हणालो.

"मंग तुम्ही काढा."

मी काढू शकत नव्हतो, म्हणून मी तत्त्व सांगायला लागलो. लिनक्सच्या फोनला कॅमेरा आहे. फोनला वायफाय नाही, पण तारेने तो लॅपटॉपला जोडता येतो. लॅपटॉपला नेट आहे. तेव्हा नेट लॅपटॉपमधून तारेने फोनमध्ये जाईल आणि रुपा फोनवरून मुलाखत देईल. हे सांगताना मला स्वतःलाच इतकं पटलं की पाच मिनिटं बरं वाटलं.

फोन जोडला. फोनवर अक्षरं उमटली: इंटरनेट नाही.

लॅपटॉपवर पाहिलं, तिथे इंटरनेट होतं. तार काढून पुन्हा लावली. फोन बंद करून चालू केला. (त्याला चालू व्हायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत माझं वय वाढलेलं मला जाणवतं.) माझ्याकडे एक वही आहे, तिच्यात मी सगळ्या आज्ञा उतरवून ठेवल्या आहेत. फोनवरून लॅपटॉपला हाक मारायची आज्ञा दिली. लॅपटॉपने ओ दिली. म्हणजे दोघांची बोलचाल होती. तरी नेट नाही. पावणेअकरा झाले.

"लॅपटॉपात नेट आहे," रुखमिणी म्हणाली.

"आहे."

"फोन लॅपटॉपाले जोडला आहे."

"आहे."

"मंग फोनात काहून नाही?"

"तेच तर शोधतो आहे."

"शोधा. मी फक्त विचारून राहिली."

रुपाने नीटनेटकी साडी नेसायची की सलवार कुडता घालायचा, यावर सकाळी तिचा आणि रुखमिणीचा वाद झाला होता. आता ती कुडत्याच्या टोकाला पीळ देत बसली होती. तिच्याकडे पाहायची मला भीती वाटली. तीन वर्षं पुस्तकांत डोकं घालून बसलेली पोर, आणि तिच्या आयुष्याच्या वाटेत मी पंक्चरचं ठिगळ लावून ठेवलं होतं.

तेवढ्यात टिकाराम आला. उशिरा निघणाऱ्या भारी धानाला तलावाचं शेवटचं पाणी चालू होतं, म्हणून मंडईच्या दिवशीही तो पाट पाहून आला होता. खांद्यावर फावडं, पाय चिखलाने भरलेले. आमच्या तिघांचे चेहरे पाहून त्याने विचारलं, "काय झालं?"

मी त्याला सांगायला नको होतं, कारण त्याचं शिक्षण दहावीपर्यंत. पण घाबरलेला माणूस कोणालाही सांगतो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे तलाव भरून हाय," तो म्हणाला.

"कुठला तलाव?"

"हा तुमचा डबीवाला. त्याचं पाणी लॅपटॉपापर्यंत येते. अन् फोनाची बांधी कोरडी हाय."

"हो, पण हे तसं सोपं नसतं, टिकाराम."

"बांधी कोरडी हाय म्हणून कोनी बांधीतच खड्डे खनत नाही, दादा. तुमी सकाळपासून फोनच बंद चालू करून राहिले. शेवटच्या बांधीपासून पाट पाहात पाहात वर जा लागते. पाट तं सांधलेला हाय. मंग लॅपटॉपाचं तुडूम बंद असन."

बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, आणि तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार. मी त्याला समजावून सांगणार होतो की यंत्रात असं काही नसतं. आणि तोंड उघडतानाच मला आठवलं की असतं. एका तारेने आलेलं दुसऱ्या तारेने पुढे जाऊ द्यायचं की नाही, याचं लॅपटॉपमध्ये एक दार असतं. शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे उघडं. वहीत पाहिलं. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'शून्य ठेवावा. खबरदारी.'

शून्याचा एक केला. अकराला पाच कमी होते.

पाणी आलं, पण अर्धंच. फोनला संस्थेच्या यंत्राचा आकडा दिला की तो तिथवर पोचत होता. नाव दिलं की गोंधळून थांबत होता. कारण कोणत्या नावाचा कोणता आकडा हे सांगणाऱ्याचा पत्ता मी फोनला दिलाच नव्हता. तो वहीत शोधून भरला. (चष्मा शोधण्यात गेलेली सहा मिनिटं इथे धरलेली नाहीत. तो रुखमिणीला फ्रिजवर सापडला.) अकरा वाजून बारा मिनिटांनी संस्थेचं पान फोनवर उघडलं. हिरवं भाताचं शेत आणि वर संस्थेचं नाव. मला रडू येईल असं वाटलं.

"आलं," रुपा म्हणाली.

"तुडूमच होतं ना?" टिकाराम म्हणाला.

आणि पान गेलं.

फोनची तार लॅपटॉपच्या ज्या खाचेत लावली होती ती खाच ढिली झाली होती. तार अंगठ्याने वरच्या बाजूला दाबून धरली की नेट यायचं, सोडली की जायचं. मी कागदाची घडी घालून पाहिली, रबर लावून पाहिलं. शेवटी ठरवलं की मीच दाबून धरीन. बाहेर मंडईचा लाउडस्पीकर ओरडत होता, म्हणून रुपाने फोन घेऊन आतल्या खोलीत बसावं, लांब तार दाराखालून घ्यावी, दार लावून घ्यावं. रुखमिणी तिच्याबरोबर आत गेली. टिकाराम 'पाणी पाहून येतो' म्हणून निघाला. मला त्याचा जरा रागच आला. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न, आणि याला धानाचं पडलंय.

दार लागलं तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

पुढचा एक तास आणि पाच मिनिटं मी हललो नाही. लॅपटॉपचा पडदा थोड्या वेळाने आपोआप मिटला. दुसरा हात लावून तो उघडायची माझी हिंमत झाली नाही. अंगठ्याला आधी मुंग्या आल्या, मग तो माझा नाहीच असं वाटायला लागलं. श्वासाने तार हलेल म्हणून मी श्वासही बेताने घेत होतो. आतून आवाज येत नव्हता. पण माझा डावा कान तसाही कमी ऐकतो, आणि दाराकडे तोच होता. मध्येच रुखमिणी बाहेर आली.

"चहा ठेवू?"

मी डोळ्यांनीच नको म्हटलं.

"नाक खाजून राहिलं का तुमचं?"

मी डोळ्यांनीच हो म्हटलं. तिने पदराने माझं नाक पुसलं आणि ती पुन्हा आत गेली. छत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे इतक्या मायेने क्वचितच पाहिलं असेल.

बारा वीसला दार उघडलं. रुपाचे केस विस्कटलेले, चेहरा लाल, ओढणीला कुसळं चिकटलेली. मुलाखतीचा ताण माणसाचं काय करून टाकतो, असं माझ्या मनात आलं.

"कशी झाली?"

"चांगली झाली, मोठे बाबा. आता सोडा ती तार."

बपेऱ्याचे पाहुणे संध्याकाळी आले, चहा पिऊन आणि ट्रॅक्टरबद्दल बोलून गेले. तीन आठवड्यांनी रुपाची निवड झाल्याचं पत्र आलं. पोर गेली, शिकली, आज भाताच्या जातींवर काम करते. ग्रामपंचायतीने तिचा सत्कार केला तेव्हा मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी बावीस मिनिटं बोललो. डबी, लॅपटॉप, शून्याचा एक, ढिली खाच, अंगठा, सगळं सविस्तर सांगितलं. लोकांनी फार वेळ टाळ्या वाजवल्या. टिकाराम तर तोंडाला रुमाल लावून बसला होता. मला वाटलं, भरून आलंय त्याला.

गेल्या महिन्यात तो लॅपटॉप अखेर मोडीत द्यायचा ठरवला. देण्याआधी त्यातलं सगळं पाहून घ्यावं म्हणून बसलो, तेव्हा त्याची नोंदवही सापडली. कोणती तार कधी जोडली, कधी निघाली, हे लॅपटॉप स्वतःच मिनिटामिनिटाने लिहून ठेवतो. त्या मंडईचा दिवस मी मोठ्या अभिमानाने उघडला. (साल बावीसच निघालं.)

अकरा अठरा: लिनक्सचा फोन तारेवरून निघाला. अकरा वीस: दुसरा फोन जोडला गेला. पुढे त्या फोनच्या कंपनीचं नाव होतं; रुखमिणीचा फोन त्याच कंपनीचा. बारा एकोणीसपर्यंत तोच. लिनक्सचा फोन त्या दिवशी पुन्हा जोडलाच गेला नाही.

रुखमिणी ओसरीवर तांदळातले खडे वेचत होती.

"अगं, त्या दिवशी अकरा वीसला तारेला तुझा फोन कसा काय होता?"

"मी लावला होता." तिचे हात थांबले नाहीत.

"आणि रुपा?"

"टिकाराम भाऊजी पाण्यावर निघालेच होते, त्यायच्या गाडीवर. तलावाच्या पाळीवर पलीकडच्या टावरचं नेटवर्क येते. आधीच जोडून पाहिलं तं तुमच्या फोनात ते मुलाखतीचे लोकं आडवे दिसत होते अन् आवाज नव्हताच. पोरगी रडाले लागली. मीच म्हटलं, निघ मागच्या दारानं. तिच्याच फोनावरून दिली तिनं, तिथंच, झाडाखाली बसून. अर्ध्या मंडईनं तिले गाडीवर जाताना पाहिलं."

"म्हणजे सत्काराला जे लोक होते त्यांना..."

"सगळ्याइले माहीत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुम्ही दुरुस्त करत बसले असते. तिले पोचायचं होतं ना."

"मी तासभर तार धरून बसलो होतो, रुखमिणी."

"पाहून राहिली होती ना मी. म्हटलं, धरून बसलेच आहेत, तं आपला फोन तरी चार्ज होईन."

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. शेवटी विचारलं, "झाला का?"

"कुठचा होते. तासाभरात अठरा टक्के."

एवढा नेमका आकडा इतक्या वर्षांनी कोणाच्या लक्षात राहील, हे मला काही पटलं नाही. गेल्या रविवारी मी तोच लॅपटॉप, तीच तार आणि तिचा तोच फोन घेतला, खाचेत तार अंगठ्याने दाबून धरली आणि समोर घड्याळ ठेवून तासभर बसलो. अठरा टक्केच होतात.